सीटचं माप

टेपबाईंना गाड्यांची किळस कधीच आली नाही. रक्ताचे डाग पडलेली सीट, घाबरून कोणी ओकलेलं पायपुसणं, डबक्यात दोन दिवस राहून कुजलेली गादी, सगळं त्यांनी वाकून, हात लावून पाहिलं होतं, आणि नंतर साबणानं हात धुऊन दुपारचा डबाही चवीनं खाल्ला होता. किळस यायची ती गाडीशेजारी उभं राहून गोडगोड बोलणाऱ्या माणसाची.

त्या विमा कंपनीत सर्व्हेअर होत्या. कोणाची गाडी आपटली की गॅरेजमध्ये जायचं, काय मोडलं नि कशानं मोडलं ते बघायचं, सांगणारा खरं सांगतोय की थापा मारतोय ते ताडायचं आणि रिपोर्ट लिहायचा. सव्वीस वर्षं हेच काम. सुरुवातीला गॅरेजवाले तोंड लपवून हसायचे, बाईमाणसाला गाडीतलं काय कळणार म्हणून. मग एक दिवस बाईंनी पर्समधून शिंप्याची पिवळी टेप काढली, ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीपासून ब्रेकच्या पेडलपर्यंत ताणून धरली, आकडा वहीत टिपला आणि मालकाला शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही चालवत नव्हता." हसणाऱ्यांची बोबडी वळली. तेव्हापासून त्या टेपबाई. खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं.

गोष्ट साधीच होती. गाडी धडकली की माणूस आधी दिवा बघतो, मग काच बघतो, मग कपाळाला हात लावतो. सीटकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. जो चालवत होता त्याच्या पायांच्या बेतानं ती पुढे-मागे सरकवलेली असते, आरसा त्याच्या डोळ्यांच्या उंचीला वळवलेला असतो. माणूस निघून जातो, माप मागे राहतं. म्हणून बाईंचा सगळ्या गॅरेजांना एकच हुकूम होता: मी येईपर्यंत सीटला हात लावायचा नाही.

आणि दहातल्या सहा वेळा ते माप निघायचं अठरा-एकोणीस वर्षांच्या लेकराचं.

त्याचं मूळ विम्याच्या फॉर्मवर होतं. 'गाडी मुख्यतः कोण चालवणार?' अशी एक ओळ तिथं असते. लायसन्स नवंकोरं आणि वय पंचविशीच्या आत असलं की हप्ता भसकन वाढतो, कारण नवशिकी पोरं जास्त आपटतात हे कंपनीला अनुभवानं ठाऊक. मग घरोघरी काय चालतं? गाडी पोरासाठी घ्यायची, किल्ली पोराच्या हातात द्यायची, आणि त्या ओळीत नाव लिहायचं बापाचं. पोर शेजारीच उभं असतं, सगळं बघत असतं. लायसन्सवरचा फोटो नीट बघून होत नाही तोच घरातलं वडीलधारं माणूस त्याला लबाडीची मुळाक्षरं गिरवायला लावतं. बाईंना शिसारी यायची ती इथं. पोरं चुकतात, ठेचकाळतात, देव त्यांना सांभाळतो. पण आपल्या हातानं लेकराच्या तोंडात घाण घालायची आणि वर त्याला व्यवहार म्हणायचं?

एकदा एक कापडाचे ठोक व्यापारी आले होते. पोट असं की माणूस दारातून आत यायच्या आधी ते यायचं.

"मीच चालवत होतो, बाई. देवाशपथ."

"देवाला कशाला मध्ये घेता? तो गाडीत नव्हता. बसून दाखवा."

सीट इतकी पुढे ओढलेली की शेठचा एक पाय आत गेला, दुसरा बाहेरच राहिला, आणि पोट स्टिअरिंगवर असं दाबलं गेलं की हॉर्न जो वाजायला लागला तो थांबेचना. अख्खं गॅरेज गोळा झालं. चौघांनी ओढून त्यांना बाहेर काढलं. मिस्त्री म्हणाला, "शेठ, तुमच्यापेक्षा तुमचं पोट प्रामाणिक निघालं." सगळे खोखो हसले. शेठही हसले, रुमालानं घाम पुसत म्हणाले, "जाऊ द्या हो बाई, सगळेच करतात."

बाई हसल्या नाहीत. पकडलं गेल्यावर माणसानं निदान खाली बघावं. या गड्याला त्याचीही गरज वाटत नव्हती. 'सगळेच करतात' हे दोन शब्द कानावर पडले की त्यांना जेवताना भातात केस लागल्यासारखं व्हायचं. घरी येऊन त्या दिवसभराचं मनातच देवाला सांगून टाकायच्या आणि म्हणायच्या, बाबा रे, माझं माहेर तेवढं या घाणीतून वेगळं ठेवलंस, उपकार तुझे.

हे म्हणताना त्या थोडं खोटं बोलत होत्या, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं.

मंगळवारी अकराच्या सुमारास धाकट्या भावाचा फोन आला. त्याचं फरश्यांचं दुकान. एरवी ताईची आठवण त्याला सहा-सहा महिने यायची नाही.

"ताई, एक जरा काम होतं गं. गाडी लागलीय. बाबांकडून."

"कोणाकडून?"

"बाबांकडून. गेल्या गुरुवारी. एका सायकलवाल्याला."

बाबा म्हणजे दोघांचे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. एकतीस वर्षं त्यांनी बस चालवली, आणि त्या एकतीस वर्षांत माणसाला काय, कुत्र्यालाही ओरखडा आला नाही. निवृत्त झाले तेव्हा खात्यानं तसं लिहून दिलं होतं. दोन वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांची नजर अधू झाली तशी त्यांनी स्वतः होऊन किल्ली खुंटीला लावली. कोणाला सांगावं लागलं नाही.

"बाबा दोन वर्षं गाडीला हात लावत नाहीत," बाई म्हणाल्या.

"अगं, फॉर्मवर तेच आहेत ना! एवढं स्वच्छ रेकॉर्ड दुसरं कोणाचं आहे घरात? म्हणून तर हप्ता कमी बसला. हे बघ, तुझं आडनाव वेगळं, तुझ्या ऑफिसात कोणाला पत्ता नाही. सर्व्हे तूच मागून घे. घरातलं काम घरात."

नातेवाइकाच्या गाडीचा सर्व्हे करायचा नाही, असा कंपनीचा नियम होता. बाईंनी तो त्याला तोंडावर सांगायला हवा होता. त्याऐवजी सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं, "सीटला हात लावू नको," आणि फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःचाच संताप आला.

दुपारी त्या माहेरी गेल्या. टेबलावर क्लेमचा फॉर्म पडला होता, वर चष्म्याची डबी वजन म्हणून ठेवलेली. खाली बाबांची सही होती, थरथरती, रेघ सोडून वर गेलेली. बाबा खिडकीशी खुर्चीत ताठ बसले होते. सहा फुटांचा माणूस, बसला तरी उभ्यासारखा दिसायचा. आतल्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं होतं, आणि त्यामागे भाची आहे हे तिच्या पायातल्या चपलांवरून कळत होतं. एकोणीस वर्षांची. लायसन्स हातात येऊन बावीस दिवस झालेले.

"या वन्सं," भावजय म्हणाली. चहाचा कप तिनं जरा जोरातच ठेवला. "तुम्ही आलात, आता काळजी मिटली. घरात एवढा मोठा अधिकारी असताना बाहेरच्यांचे पाय कशाला धरायचे?"

"गाडी कोण चालवत होतं?"

"फॉर्मवर लिहिलंय की."

"फॉर्म मला वाचता येतो, वहिनी. मी विचारतेय."

"अहो वन्सं, पोरीचं नवं लायसन्स. ते जप्त झालं, नावावर केस लागली, तर उद्या नोकरीला कोण उभं करील? बाबांचं काय? त्यांना आता कुठं चालवायचीय?"

जुनं पातेलं भांडेवाल्याला देताना बोलावं, इतक्या सहज ती बोलली होती. बाईंनी कप तसाच बाजूला सरकवला आणि बाबांसमोर स्टूल ओढून बसल्या.

"बाबा, तुम्ही होता गाडीवर?"

"हो. मीच होतो."

"माझ्याकडे बघून सांगा."

"मला तसंही धूसरच दिसतं गं. तुझ्याकडे बघून बोललो काय नि भिंतीकडे बघून बोललो काय."

भाऊ हसला. बाबाही ओठातल्या ओठात हसले. मग हळूच म्हणाले, "माझं काय जायचंय आता? पिकलं पान. माझ्या नावावर एक डाग पडला तर पडला. तिचं सगळं पुढं आहे. देवाला मी सांगितलंय तसं. तो मला समजून घेईल."

म्हातारा आपल्या जन्माची कमाई नातीच्या पदरात टाकत होता, आणि त्याच्या भोवतीची माणसं ती कमाई चहाबरोबर ढोसत होती.

"तुला लाज कशी वाटत नाही रे?" त्या भावाला म्हणाल्या. "बापाला खोटं बोलायला बसवलंस?"

"लाज?" भाऊ उसळला. "आठ महिन्यांपूर्वी तुझी लाज कुठं गेली होती? याच टेबलावर विम्याचा पहिला फॉर्म होता. बाबांचं नाव तू वाचलंस. माझ्याकडे बघितलंस. आणि त्यावर खाण्याची ताटली ठेवून म्हणालीस, घरी ऑफिसचा विषय नको. म्हणालीस की नाही?"

म्हणाल्या होत्या. अगदी त्याच शब्दांत. भावाशी वाद नको, वहिनीचं तोंड वाईट, बाबांसमोर चारचौघांत तमाशा नको, अशी बरीच कारणं त्या दिवशी त्यांच्यापाशी होती. जगभरच्या बापांना सीटपासून पेडलपर्यंत मोजणारी बाई माहेरी आली की टेप पर्समध्येच ठेवत होती. त्यांना स्वतःच्या अंगाचाच वास आल्यासारखं झालं.

"सायकलवाल्याला किती लागलंय?" त्यांनी विषय बदलला.

"किरकोळ. नळदुरुस्ती करतो तो. मनगट मोडलंय. प्लास्टर घातलंय, येईल जुळून."

"कोणतं मनगट?"

भावानं वहिनीकडे बघितलं, वहिनीनं खिडकीकडे. दोघांनाही सांगता येईना.

"उजवं," आतल्या खोलीतून आवाज आला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता बाई गॅरेजमध्ये पोचल्या. गाडी पांढरी, डावा दिवा फुटलेला, बंपरला सायकलच्या हँडलचा खोल ओरखडा. त्यांनी टेप काढली. माप आलं पाच फुटांच्या मुलीचं. आरसा इतका खाली वळवलेला की बाबा बसले असते तर त्यांना त्यात स्वतःची छातीच दिसली असती.

भाऊ बाबांना घेऊन आला. नात हात धरून त्यांना चालवत होती. डोळे सुजलेले, केस करकचून बांधलेले. आपल्या आत्याकडे तिनं मान वर करून बघितलं नाही.

"चल ताई, उरकून टाक," भाऊ हात चोळत म्हणाला. "मिस्त्रींना पण कामं आहेत."

"बाबा, बसा गाडीत."

"ताई!"

"सर्व्हेअर म्हणून बोलावलंस ना? मग सर्व्हे होऊ दे. बसा बाबा."

बाबांनी दार चाचपलं. पाठ वाकवून, डोकं सांभाळून ते आत शिरायला लागले. डावा पाय आत गेला आणि गुडघा स्टिअरिंगला अडला. त्यांनी तो हातानं उचलून आत कोंबला. दुसरा पाय घेताना तोंडातून हलकासा आवाज निघाला. दोन्ही गुडघे छातीशी आले, डोकं छताला टेकून तिरपं झालं. तशाही अवस्थेत त्यांचे हात आपोआप स्टिअरिंगवर जागच्या जागी गेले, एकतीस वर्षं जात होते तसे. त्यांनी ब्रेक दाबायचा प्रयत्न केला. पाऊल वळेना.

"मीच चालवत होतो," दुमडलेल्या छातीतून ते म्हणाले.

गॅरेजमध्ये कोणी हसलं नाही. मिस्त्री हातातला पाना पुसत राहिला, पुसत राहिला. बाईंना वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. बापाला या डब्यात कोंबून मी काय मिळवलं? तेवढ्यात भाऊ म्हणाला:

"अहो, सीट मागे घ्या ना जरा! धडकेनं पुढे सरकली असेल."

बाबांना बाहेर पडता येईना. पाय अडकले होते. त्यांनी एकदा जोर केला, दुसऱ्यांदा केला, आणि मग धापा टाकायला लागले. तेव्हा नात पुढे आली. ती गुडघ्यांवर बसली, न बघता सीटखाली हात घातला, एका खटक्यात दांडी ओढली आणि आजोबांसकट सीट मागे सरकवली. एवढ्या सफाईनं, की सगळ्यांनाच कळलं हा हात त्या दांडीवर किती वेळा गेलाय. तिच्याही ते लक्षात आलं. ती तशीच जमिनीवर बसून राहिली.

बाबा बाहेर आले, गाडीला टेकून उभे राहिले.

"त्या कागदावर काय लिहिलंय ते मला वाचून दाखव," ते बाईंना म्हणाले. "यानं नुसतं बोट ठेवून सही घेतली."

"बाबा, ते काय वाचायचंय," भाऊ म्हणाला, "नेहमीचंच असतं."

बाईंनी भावाच्या हातातून क्लेमचा फॉर्म घेतला आणि वाचला. तारीख, वेळ, चालकाचं नाव. मग घटनेचा तपशील: 'सायकलस्वार चुकीच्या बाजूने भरधाव येऊन अचानक गाडीस आडवा आला. चालकाने शर्थीचे प्रयत्न करूनही...'

"थांब." बाबांचा चेहरा बदलला. "हे कोणी लिहिलं?"

"असंच लिहावं लागतं, बाबा."

"मी तुला सांगितलं होतं, चूक माझी लिही. म्हातारा आहे, दिसत नाही, धडकलो. माझ्यावर घ्यायचं ठरलं होतं. त्याच्यावर कधी ठरलं?"

"अहो, तुमची चूक लिहिली तर पोलीस तुम्हाला बोलावतील! तुमच्यासाठीच केलं मी. आणि त्या नळवाल्याला काय, थोडे कमी मिळतील इतकंच."

"पोरी," बाबांनी नातीकडे मान वळवली, "तो कोणत्या बाजूनं येत होता?"

"त्याच्याच बाजूनं, आजोबा." ती जमिनीकडे बघत होती. "मी वळत होते. गिअर पडेना म्हणून खाली बघत होते. वर बघितलं तेव्हा तो समोर होता."

बाबांनी हात पुढे केला. बाईंनी त्या हातात फॉर्म दिला. त्यांनी त्याची चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला.

"मला वाटत होतं, माझं खोटं माझ्यापुरतं राहील," ते म्हणाले. "देवाला मी तसंच सांगितलं होतं. त्याच्यापुढेही मला तोंडघशी पाडलंत तुम्ही."

"मग आता गाडीचं काहीच मिळणार नाही!" भाऊ ओरडला. "पोरीचं लायसन्स जाईल! आणि ताई, तू? तू सख्खी बहीण ना?"

"सख्खी आहे म्हणूनच आठ महिने गप्प बसले," बाई म्हणाल्या. "आता पुरे."

गॅरेजमधून त्या ऑफिसला गेल्या आणि एक पान लिहून साहेबांसमोर ठेवलं: गाडी माझ्या भावाच्या घरची आहे, म्हणून मी सर्व्हे करू शकत नाही. चालवत होती ती माझी भाची. विम्याच्या फॉर्मवर वडिलांचं नाव खोटं आहे, आणि तो भरला गेला तेव्हा मी ते पाहिलं होतं. साहेबांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला.

"बाई, शेवटचं वाक्य काढून टाका हो. उगाच चौकशी लागेल तुमच्यावर. निवृत्तीला चार वर्षं राहिलीत. कोण विचारतंय? अशा गोष्टी काय, सगळ्यांच्याच घरी असतात."

चांगला माणूस होता. मनापासून सांगत होता. बाईंना त्याच्या टेबलावरच ओकारी येईल असं वाटलं. त्यांनी पानाखाली सही केली, पोच घेतली आणि बाहेर पडल्या.

संध्याकाळी पाच वाजता त्या, बाबा आणि भाची असे तिघं नळवाल्याच्या घरी गेले. बाबांचाच हट्ट होता. दुकानांच्या रांगेमागे तळमजल्यावर एक खोली. भिंतीला लांबीप्रमाणे नळ लावून ठेवलेले, खाली पाने, वॉशरचे डबे. सगळं जागच्या जागी, आठवडाभर कोणाचा हात न लागलेलं. चाळिशीचा माणूस, उजवा हात बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये. त्यानं दार उघडलं आणि दारातच उभा राहिला.

"कंपनीचे लोक? मी कशावर सही करणार नाही."

"सही मागायला आलो नाही," बाई म्हणाल्या. "मी विमा कंपनीत आहे, पण आज तशी आले नाही. हे माझे वडील. ही भाची."

"हे आजोबा चालवत होते म्हणे." त्यानं बाबांकडे नीट बघितलं, त्यांच्या डोळ्यांकडे, हातातल्या काठीकडे. "मी त्याच दिवशी सांगितलं, पोरगी होती म्हणून. चौकीत कोणी लिहून घेतलं नाही. म्हणाले, तुला मार लागलाय, चक्कर आली असेल."

"मीच होते," भाची म्हणाली.

"आज सांगतेस?" त्यानं बोटांवर मोजलं. "सहा दिवस झाले."

तिनं मान हलवली. त्यानं बसा म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. आत जाऊन डाव्या हातानं आपलं बिलबुक आणलं, एक कोरं पान फाडायचा प्रयत्न केला, जमेना, तेव्हा अख्खं बुक तिच्यापुढे सरकवलं.

"लिही. तुझ्या अक्षरात."

ती उंबऱ्यावर बसून लिहायला लागली. नाव, वय, लायसन्स कधी मिळालं. मी गाडी वळवताना गिअरकडे बघत होते. ते त्यांच्या बाजूने येत होते. चूक माझी. तिनं पेन थांबवलं. बाईंना वाटलं, झालं, सुटलो एकदाचे.

नळवाला वाकून ओळ न् ओळ वाचत होता. "आणि?"

"आणि काय?"

"आणि थांबली नाहीस, ते?"

बाबांनी मान वळवली. बाई भाचीकडे बघत राहिल्या. सव्वीस वर्षांत त्यांनी हजारो गाड्या मोजल्या होत्या, पण हे कुठल्या मापात आलं नव्हतं.

"थांबली नाहीस तू?" बाबांनी विचारलं.

"मी पप्पांना फोन केला," ती पुटपुटली. "ते म्हणाले, उतरू नको. आधी घरी ये."

"वीस मिनिटं," नळवाला म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. "वीस मिनिटं मी रस्त्यावर बसलो होतो, हात मांडीवर धरून. मग हिचे वडील आले, एकटेच. माझी सायकल बाजूला केली, गाडीची काच कुठं पडलीय ते बघितलं, आणि मला म्हणाले, म्हातारा माणूस आहे हो, समजून घ्या."

भाऊ तिथं उभा आहे, काचेचे तुकडे शोधतोय, आणि दोन हातांच्या अंतरावर हा माणूस बसलाय, हे चित्र बाईंना इतकं स्पष्ट दिसलं की त्यांनी तोंडावर पदर धरला. लहानपणी त्याला काखेत घेऊन त्या गल्लीभर हिंडल्या होत्या. तोच हा.

भाचीचा फोन वाजायला लागला. पडद्यावर 'पप्पा' आलं. तिनं तो पालथा घातला. तो वाजतच राहिला.

"घे, घे," नळवाला म्हणाला. "सांग त्यांना, काय लिहितेस ते."

तिनं फोन कानाला लावला. पलीकडचा आवाज दारापर्यंत सगळ्यांना ऐकू येत होता. कुठे आहेस, कोणाबरोबर आहेस, आत्या काय सांगेल ते ऐकू नको.

"पप्पा, मी लिहून देतेय."

"काय लिहून देतेयस?"

तिनं बिलबुक मांडीवर घेतलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. 'चूक माझी' इथपर्यंत आली. मग पेन उचललं, आणि लिहिता लिहिता एकेक शब्द फोनमध्ये सांगत गेली. "मी... थांबले... नाही."

"फाड तो कागद! ऐकतेस का? आत्ताच्या आत्ता फाड!"

तिचा हात पानाच्या कडेवर गेला. घाबरून गेला की दुसऱ्या कशानं, ते तिलाही सांगता आलं नसतं. नळवाल्यानं वाकून आपला प्लास्टरचा जड हात पानावर टेकवला, आणि कळ आली तसे दात आवळले.

"हं," तो म्हणाला. "उतरू नको म्हणून कोणी सांगितलं, तेही लिही. मग तारीख टाक."

तिनं फोन बंद केला, शेजारी उंबऱ्यावर ठेवला, आणि त्याच्या हाताच्या बाजूला उरलेल्या जागेत पुढची ओळ लिहायला घेतली.